वुल्फची ऑर्किड, रूथचं गवत

एप्रिल संपत आला की अमेरिकेच्या ईशान्येला, कॅनडात किंवा इंग्लंडात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक ठरलेली ओढाताण सुरू होते. खिडकीशी ठेवलेल्या ट्रेमध्ये मिरचीची आणि टोमॅटोची रोपं वीतभर वाढलेली असतात, मेथी-कोथिंबिरीचं बी आणून ठेवलेलं असतं, पण रात्रीच्या फ्रॉस्टची भीती अजून गेलेली नसते. मग मे उजाडतो, फ्रॉस्ट सरतो, आणि पुढचे साडेचार-पाच महिने माती तुम्हाला सोडत नाही. नेमक्या याच दिवसांत दिवाळी अंकाच्या संपादकांची आठवण येऊन थडकते: "लेख कधी देताय?" अंक निघतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण मजकूर हवा असतो जुलै-ऑगस्टपर्यंत. म्हणजे काकड्या उतरायच्या वेळेलाच कादंबरीचं प्रकरणही उतरवायचं.

ज्यांना लिहायचंही असतं आणि ज्यांच्या घरामागे जमिनीचा एखादा तुकडाही असतो, त्यांना हा पेच चांगला ठाऊक आहे. आपल्याला वाटतं, हा आपल्याच धावपळीच्या आयुष्याचा दोष. पण हा पेच जुना आहे, आणि तो ज्यांनी नीट सोडवून दाखवला त्यांत रहस्यकथा लिहिणारी मंडळी मोठ्या संख्येनं आहेत. त्यांतल्याच एका लेखकाची, त्याच्या बहिणीची आणि ओघात आणखी एका लेखिकेची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. आपण बहुतेकजण अर्नाळकरांच्या झुंजारावर वाढलो. त्यामुळे गुप्तहेर म्हटलं की डोळ्यांपुढे पाठलाग येतो, पिस्तूल येतं. फुलझाडांना पाणी घालणारा गुप्तहेर आपल्या फारसा ओळखीचा नाही. इंग्रजीत मात्र त्याची मोठी परंपरा आहे.

तिची सुरुवात १८६८ सालापर्यंत मागे नेता येते. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' त्या वर्षी आली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हाच्या लुटीतला एक हिरा इंग्लंडात पोचतो आणि तिथून चोरीला जातो, असं तिचं कथानक. चोरीच्या तपासाला सार्जंट कफ नावाचा पोलीस अधिकारी येतो. हा गृहस्थ बंगल्यावर पोचतो आणि चोरीबद्दल काही विचारण्याआधी गुलाबांच्या वाफ्यांपाशी थांबतो. वाफ्यांमधल्या वाटा खडीच्या असाव्यात की हिरवळीच्या, यावर त्याचं मत पक्कं आहे, आणि तिथल्या माळ्याशी तो गुलाबांवरून हिरिरीनं वाद घालतो. नोकरीतून निवृत्त व्हायचं आणि गुलाब लावायचे, हे त्याचं स्वप्न. कादंबरी संपेपर्यंत ते पुरंही होतं.

अगाथा ख्रिस्तीनं १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'मध्ये याच कल्पनेची थट्टा केली. तिचा एर्क्यूल प्वारो निवृत्त होऊन एका खेड्यात मॅरो पिकवायला जातो. मॅरो म्हणजे आपल्या झुकिनीची थोरली बहीण. पण थोड्याच दिवसांत तो इतका कंटाळतो की चिडून एक मॅरो उचलून कुंपणापलीकडे भिरकावतो आणि ते शेजाऱ्याजवळ जाऊन पडतं. प्वारोला बाग मानवली नाही. मिस मार्पलला मात्र मानवली. १९३० च्या 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'पासून ही म्हातारी बागेत वाकून काम करता करता अख्ख्या गावावर नजर ठेवते. गवत उपटणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देतो?

बागेची आणि रहस्यकथेची ही जवळीक उगीच आलेली नाही. रोज त्याच वाफ्याशी जाणाऱ्याला काल नसलेलं एक कुरतडलेलं पान लगेच दिसतं, आणि तपास करणाऱ्याचं कामही तेच. शिवाय बागेत विषाची वाण नसते. ख्रिस्तीनं पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे कुठल्या झाडात काय दडलंय हे तिला नेमकं माहीत होतं. तिच्या एका कथेत फॉक्सग्लव्हची पानं सेजच्या पानांत मिसळून सगळ्यांच्या ताटात जातात. 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये यू झाडापासून मिळणाऱ्या विषानं माणूस मरतो. आपल्या अंगणातल्या कण्हेरीपासून लहानपणी आपल्याला का लांब ठेवायचे, हे आठवलं तर यात नवल वाटणार नाही.

या परंपरेतला सर्वांत बागवेडा गुप्तहेर म्हणजे नीरो वुल्फ. रेक्स स्टाउट या अमेरिकन लेखकानं त्याला १९३४ च्या 'फेर-द-लान्स' या कादंबरीतून पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. वुल्फ मूळचा मॉन्टेनेग्रोचा. वजन सुमारे १३० किलो. राहतो मॅनहॅटनमध्ये पश्चिम ३५ व्या रस्त्यावरच्या तपकिरी दगडी घरात, आणि कामासाठी घराबाहेर पाऊल टाकायला अगदी नाखूष. घराच्या गच्चीवर त्याची काचघरं आहेत आणि त्यांत १०,००० ऑर्किडची रोपं. सकाळी ९ ते ११ आणि दुपारी ४ ते ६ या वेळात तो गच्चीवर असतो. खाली दारात खुनाचा साक्षीदार उभा असो की पोलीस इन्स्पेक्टर, त्यानं थांबायचं. उरलेला वेळ जेवण, वाचन आणि गरजेपुरतं डोकं चालवणं यासाठी.

वाचताना आपल्याला वाटतं, काय सुरेख बेत बसवलाय या माणसानं! दिवसाचे चार तास फुलांना आणि बाकीचे कामाला. पण त्या घरातली इतर माणसंही मोजा. रोपांसाठी थिओडोर होर्स्टमन हा पूर्णवेळ माळी आहे. स्वयंपाकाला फ्रिट्झ ब्रेनर आहे. बाहेरची सारी धावपळ करायला, पत्रं टाइप करायला आणि शिवाय गोष्ट सांगायलाही आर्ची गुडविन आहे. इतकी माणसं हाताशी असली तर घड्याळ पाळणं अवघड नाही. हे घड्याळ कादंबरीतलं आहे, आणि ते लिहिणाऱ्याचं स्वतःचं आयुष्य त्याच्या बरोबर उलट होतं.

रेक्स स्टाउटचा जन्म १ डिसेंबर १८८६ रोजी इंडियाना राज्यातल्या नोबल्सव्हिलचा. आईवडील क्वेकर पंथाचे. तो लहान असतानाच कुटुंब कॅन्ससला गेलं. नऊ भावंडांत हा सहावा. त्याच्या आईची एक गोष्ट स्टाउटच्या चाहत्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तिला वाचनाचं वेड होतं. वाचायला बसताना ती शेजारी गार पाण्याचं भांडं आणि एक फडकं घेऊन बसायची. मध्येच कोणी पोर काही विचारायला आलं की आधी त्याचं तोंड त्या गार पाण्यानं धुऊन निघायचं. नऊ मुलांच्या घरात वाचायला वेळ कसा मिळाला, याचं उत्तर त्या भांड्यात होतं. पहाऱ्याशिवाय वेळ टिकत नाही, हे रेक्स तिथेच शिकला असावा.

तरुणपणी दोनेक वर्षं तो नौदलात होता आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या 'मेफ्लॉवर' या नौकेवर त्यानं काम केलं. पुढे मासिकांना कथा विकू लागला. दर शब्दाला ठरलेले पैसे, ते संपले की पुढची कथा. काही वर्षांत त्याच्या लक्षात आलं की असं पोटासाठी लिहीत राहिलो तर मनासारखं कधीच लिहिता येणार नाही. मग त्यानं लिहिणंच थांबवलं आणि भावाबरोबर एक धंदा काढला. शाळेतल्या मुलांनी आठवड्याला थोडे थोडे पैसे बँकेत टाकायचे, त्याचा हिशेब ठेवायची ही पद्धत. ती शेकडो शहरांतल्या शाळांनी घेतली आणि स्टाउटला चांगला पैसा मिळाला. १९२७ च्या सुमारास, चाळिशीत, तो त्यातून बाहेर पडला, पॅरिसला गेला आणि पुन्हा लिहायला बसला. 'हाउ लाइक अ गॉड' ही त्याची गंभीर कादंबरी १९२९ मध्ये आली. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि जमवलेल्या पैशातला बराचसा बुडाला.

ही हकीकत सविस्तर सांगण्याचं कारण आहे. 'लेखन आणि बाग यांचा समतोल' हे शब्द ऐकले की सुखवस्तू माणसाचं चित्र उभं राहतं. स्टाउटनं तो समतोल आधी विकत घ्यायचा प्रयत्न केला: पैसा साठवू, मग निवांत लिहू. आपल्यापैकी कितीजणांचा हाच बेत आहे! घराचं कर्ज फिटू दे, मुलं कॉलेजात जाऊ देत, निवृत्ती येऊ दे, मग लिहायला बसू. १९२९ नं स्टाउटचा तो बेत उधळला. पुढे आपल्या वकुबाचाही त्यानं रोखठोक हिशेब केला. आपण थोर कादंबरीकार होणार नाही, पण गोष्ट उत्तम सांगू शकतो, हे त्याला उमगलं आणि तो रहस्यकथेकडे वळला. नीरो वुल्फ जन्मला तो या हिशेबातून.

मधल्या काळात त्यानं घर बांधलं होतं. न्यूयॉर्क आणि कनेटिकट या राज्यांच्या सीमेवर, डॅनबरीजवळच्या टेकडीवर, १९३० मध्ये. नाव 'हाय मेडो', म्हणजे उंचावरचं कुरण. १४ खोल्यांचं हे काँक्रीटचं घर त्यानं आसपासच्या माणसांना हाताशी धरून स्वतः बांधलं. फर्निचरही बरंचसं स्वतः केलं. १९३२ मध्ये पोला वाइनबाख हॉफमन या कापडाच्या नामांकित डिझायनरशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. टेकडीवर त्यानं फुलझाडं आणि भाजीपाला लावला आणि पुढची चार दशकं त्यात हात मळवले. वर्षातल्या बहुतेक दिवसांत पाहुण्यांना तिथे लेखक दिसायचा नाही, कामाच्या कपड्यांतला दाढीवाला शेतकरी दिसायचा.

मग पुस्तकं केव्हा लिहून झाली? स्टाउटची एक कादंबरी साधारण पाच-सहा आठवड्यांत पूर्ण व्हायची. तेवढे दिवस तो लिहायचा, रोज लिहायचा आणि पहिला खर्डा हाच शेवटचा. पुन्हा लिहिणं नाही, खोडाखोड जवळपास नाही. टाइपरायटरमधून शेवटचं पान निघालं की गठ्ठा प्रकाशकाकडे आणि हा पुन्हा टेकडीवर. असं करत त्यानं वुल्फच्या ३३ कादंबऱ्या आणि चाळीसच्या आसपास दीर्घकथा लिहिल्या.

वाचकहो, इथे जरा थांबा. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. वर्षाचे ३६५ धरले तर एका कादंबरीला वर्षाचा आठवा हिस्सादेखील लागत नाही. आपण समतोलाचा विचार दिवसाच्या मापानं करतो: रोज ऑफिसहून आल्यावर अर्धा तास बाग, अर्धा तास लेखन. प्रत्यक्षात त्या तासाचे तुकडे होतात आणि दोन्ही अर्धवट राहतं. स्टाउटनं माप बदललं. त्यानं दिवसाचा हिशेब सोडून वर्षाचा धरला, आणि पुस्तकाला एखाद्या पिकासारखा हंगाम दिला. वालाच्या शेंगा जशा अमुक आठवड्यात पेरायच्या आणि अमुक आठवड्यात काढायच्या, तसं पुस्तकही ठरलेल्या आठवड्यांत पेरायचं आणि काढायचं. एकदा काढलं की पुन्हा त्याच वाफ्यात उकरत बसायचं नाही. ऑक्टोबरात कोणी मे महिन्याची पेरणी सुधारायला जातं का?

याची किंमतही होती, ती लपवायचं कारण नाही. वुल्फच्या पुस्तकांतले बारीकसारीक तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. घराचा क्रमांक पुस्तकागणिक बदलतो. काही रहस्यं घाईनं सुटतात. पुन्हा वाचून दुरुस्त केलं असतं तर हे टळलं असतं. पण वुल्फ आणि आर्ची यांच्या संवादांचा तजेला, एका दमात सांगितलेल्या गोष्टीची ती लय, हीही त्याच पद्धतीची कमाई आहे. रोज थोडं थोडं लिहून वर्षभर लांबवलेल्या कादंबरीत असा दम टिकवणं कठीण.

हे गणित एकदा मोडलं, आणि ते त्यानं स्वतः मोडलं. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा स्टाउट 'रायटर्स वॉर बोर्ड'चा अध्यक्ष झाला. नाझींविरुद्ध लोकमत घडवण्यासाठी लेखकांना कामाला लावणं, हे या मंडळाचं काम. १९४० च्या 'व्हेअर देअर्स अ विल'नंतर वुल्फची पुढची कादंबरी आली ती थेट १९४६ मध्ये, 'द सायलेंट स्पीकर'. मधल्या काळात काही दीर्घकथा तेवढ्या झाल्या. त्यांतली 'नॉट क्वाइट डेड इनफ' मोठी मौजेची आहे. आर्ची सैन्यातून घरी येतो तर वुल्फनं ऑर्किडकडे पाठ फिरवलेली, बीअर सोडलेली, आणि तो फ्रिट्झबरोबर नदीकाठी चालण्याचा व्यायाम करतोय, का तर त्याला सैन्यात भरती व्हायचंय! वाचताना हसू येतं. पण लेखकाची स्वतःची कादंबरी त्या वेळी बंद होती हे ठाऊक असलं की त्या हसण्यात थोडी कळ मिसळते. काचघराचं दार ओढून घ्यायची वेळ कधी कधी येते, हे स्टाउटनं मान्य केलं होतं. युद्ध संपल्यावर दोघंही, लेखक आणि वुल्फ, आपापल्या झाडांकडे परतले.

आता बहिणीकडे वळू. रेक्सपेक्षा दोन वर्षांनी मोठी रूथ स्टाउट हीसुद्धा १९३० च्या सुमारास न्यूयॉर्क सोडून नवऱ्याबरोबर कनेटिकटमध्ये आली, डॅनबरीला लागून असलेल्या रेडिंग गावात. जागेचं नाव 'पॉव्हर्टी हॉलो', आपल्या भाषेत दरिद्री खोरं. तिनंही मोठी भाजीची बाग केली आणि पहिली चौदा-एक वर्षं सगळ्यांसारखीच केली. दर वसंतात नांगरवाल्याची वाट पाहायची, तो आला की जमीन उलथायची, मग पेरायचं, खुरपायचं, पाणी घालायचं आणि कंबर धरून बसायचं.

१९४४ च्या वसंतात नांगरवाला आलाच नाही. रूथ तेव्हा साठीला टेकली होती. एके दिवशी ती बागेत गेली आणि ॲस्परॅगसच्या वाफ्यासमोर उभी राहिली. कोंब जोमानं वर आले होते. तिला प्रश्न पडला: या वाफ्याला तर वर्षानुवर्षं नांगर लागलेला नाही, मग हा कसा उगवतो? आणि याला नांगर लागत नसेल तर वाटाण्याला का लागावा? तिनं न नांगरलेल्या जमिनीत तसंच बी टाकलं.

भाऊ गुप्तहेराच्या कथा लिहीत होता. पण नजरेसमोर रोज असलेला आणि कोणी विचारात न घेतलेला पुरावा उचलून त्यावरून निष्कर्ष काढणं, हे रूथनं त्या सकाळी केलं. वुल्फनंही तिची पाठ थोपटली असती.

पुढचा तिचा उपाय साधा होता. वाळलेलं गवत, पालापाचोळा, स्वयंपाकघरातली सालंटरफलं, जे कुजेल ते सगळं जमिनीवर पसरून ठेवायचं, बारा महिने. थर चांगला आठ इंचांचा हवा. खालून तो कुजत जातो, वरून भर घालायची. अशा आच्छादनाखाली तण उजेडाअभावी मरतं, ओल टिकते, गांडुळं मशागत करतात. बी लावायचं तेव्हा गवत बाजूला सारायचं, रोप वर आलं की पुन्हा जवळ ओढायचं. बटाटे तर मातीत पुरायचेही नाहीत, जमिनीवर ठेवायचे आणि वर गवत टाकायचं. काढताना गवत उचललं की झालं, कुदळ लागत नाही. या अनुभवावर तिनं १९५५ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पाठ न दुखवता बाग कशी करावी हे सांगणारं पुस्तक लिहिलं, आणि १९६१ मध्ये 'गार्डनिंग विदाउट वर्क'. दोन्ही पुस्तकं आजही वाचली जातात. १९८० मध्ये ती गेली, तेव्हा शंभरीला चारच वर्षं कमी होती.

रूथचा धडा भावापेक्षा वेगळा आहे. रेक्सनं कामांना वेगवेगळे आठवडे दिले. रूथनं कामच कमी केलं, आणि त्यासाठी आधी विचारलं की यातलं खरंच लागतं काय, आणि नुसती सवय कोणती. तिच्या बागेला रांगोळीसारखी आखीव शोभा नव्हती, गवताचे ढीग दिसायचे. 'नीटनेटकं दिसणं' तिनं सोडून दिलं आणि त्या बदल्यात तिला दुपार मिळाली. आपण घरापुढची हिरवळ शेजाऱ्यांइतकी गुळगुळीत ठेवण्यात जे शनिवार घालवतो, त्यांचा हिशेब कधी मांडून पाहा.

तिसरा मार्ग अटलांटिकच्या पलीकडे सापडतो. अगाथा ख्रिस्तीनं १९३८ मध्ये डेव्हन परगण्यात डार्ट नदीच्या काठावरचं 'ग्रीनवे' हे घर ६,००० पौंडांना घेतलं. नदीकडे उतरत जाणारी मोठी बाग, मॅग्नोलिया, कॅमेलिया, भिंतींच्या आडोशानं वाढवलेली फळझाडं. महायुद्धात सरकारनं घर ताब्यात घेतलं आणि अमेरिकी तटरक्षक दलाचे अधिकारी तिथे राहिले. त्यांच्यापैकी एकानं ग्रंथालयाच्या भिंतीवर वरच्या बाजूनं त्यांच्या मोहिमांची चित्रपट्टी रंगवली. युद्धानंतर अगाथानं ती पुसली नाही, आजही ती तिथे आहे.

तिनं विभागणी केली ती जागेनुसार. नवरा मॅक्स मॅलोवन पुराणवस्तू संशोधक. १९४९ पासून वर्षानुवर्षं इराकमध्ये निमरूदच्या उत्खननाचा हंगाम आला की ती त्याच्याबरोबर जायची. तिथे तिला लिहिण्यासाठी एक छोटी खोली बांधून दिली होती. ग्रीनवे हे उन्हाळी सुट्टीचं घर होतं. तिथे ती सहसा लिहीत नसे. लिहून झालेलं संध्याकाळी घरच्यांना वाचून दाखवायची आणि खुनी कोण ते ओळखायला लावायची. गंमत अशी की जिथे लिहायचं नाही असं ठरवलं, तीच बाग पुस्तकांत शिरली. 'फाइव्ह लिटल पिग्ज'मधला नदीवरचा तोफांचा कट्टा ग्रीनवेचा, 'डेड मॅन्स फॉली'मधलं बोटघरही ग्रीनवेचंच. अर्थात तिथे पगारी माळी होते आणि बागेचं बरंचसं श्रेय पुढे तिच्या मुलीला, रोझालिंडला, आणि झाडांची हौस असलेल्या जावयाला जातं. त्या कुटुंबानं २००० मध्ये ग्रीनवे नॅशनल ट्रस्टला दिलं. तुमच्यापैकी जे इंग्लंडात आहेत, त्यांनी एकदा जरूर जाऊन यावं.

रेक्स स्टाउट २७ ऑक्टोबर १९७५ रोजी हाय मेडोवरच गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. 'अ फॅमिली अफेअर' ही वुल्फची शेवटची कादंबरी त्याच वर्षी आली होती. अडीच महिन्यांनी, १२ जानेवारी १९७६ रोजी, अगाथा ख्रिस्ती गेली. दोघांचीही वयं आणि पुस्तकांची संख्या पाहिली तर बागेनं त्यांच्या लेखनातला वेळ खाल्ला असं कोणी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. तुमच्याआमच्यापाशी ना होर्स्टमन आहे, ना ग्रीनवेचे माळी. नोकरी आहे, मुलांचे खेळांचे सामने आहेत, भारतातले म्हातारे आईवडील आहेत, त्यांच्यासाठी राखून ठेवलेली रजा आहे. तरी बागेला आपण वेळ देतो. मे महिन्यात कितीही गडबड असली तरी रोपं जमिनीत जातात, कारण फ्रॉस्ट आपल्यासाठी थांबत नाही. उशीर झाला तर वांगी धरण्याआधीच थंडी येईल, हे भय खरं असतं. मराठी लिहिण्याला असा फ्रॉस्ट नाही. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी, असं म्हणता येतं. असं म्हणत म्हणत वीस वर्षं जातात, आणि एक दिवस लक्षात येतं की हाताला नेमका शब्द सापडेनासा झालाय. परदेशात मराठी बहुतेक उरलेल्या वेळात लिहिली जाते, आणि उरलेला वेळ दरवर्षी कमी होत जातो. भाषेलाही हंगाम चुकतो, फक्त तो चुकल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या पडलेल्या पानांवर दिसत नाही.

म्हणून स्टाउटचा हिशेब आपल्या कामाचा आहे. या देशांनी आपल्याला एक मोठी सवलत दिली आहे, तिला आपण उगीच नावं ठेवतो: लांबलचक हिवाळा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माती काही मागत नाही. त्यातले पाच-सहा आठवडे निवडा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बियांच्या तारखा लिहिता तशाच त्यांच्याही तारखा लिहा आणि घरात सांगून टाका. गार पाण्याचं भांडं शेजारी ठेवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या आठवड्यांत आजीच्या आठवणी असोत, पहिल्या नोकरीची हकीकत असो की एखादी फर्मास रहस्यकथा, जे मनात आहे ते शेवटापर्यंत लिहून काढा. मग फेब्रुवारीत संपादकांना आपणहून पाठवा. दिवाळी अंकासाठी फेब्रुवारीत लेख आलेला पाहून त्यांना आधी धक्का बसेल, पण ते नाही म्हणणार नाहीत.

आणि मे महिन्यात बागेत जाल तेव्हा रूथची आठवण ठेवा. वाफ्यांवर गवत पसरा आणि शेजारी काय म्हणतील याची काळजी करू नका. जो शनिवार वाचेल तो वाचायला ठेवा. वुल्फपासून सुरुवात करायची असेल तर 'सम बरीड सीझर' घ्या. त्यात तो चक्क घराबाहेर पडतो, आणि तेही ऑर्किडच्या प्रदर्शनासाठी.